मला न्हाई, तिला

जांबे,
९ डिसेंबर २०२४

बीबी,

तुला फोन केला अकरा वेळा. वाजतो, वाजतो आन् बंद पडतो. मग म्हटलं कागद लिहावा. कागद हातात पडला की वाचावाच लागतो. मी तिसरी, तू सातवी, तर माझ्या अक्षराला हसू नको. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट कागदावर आडवं पडतं, शाई पुसली जाते. तुला ठाऊक हाय.

दुसरं कारण, खोली पत्र्याची. हिकडं मी फोनवर बोलले की पलीकडं सून ऐकते. तिला अजून सांगितलं न्हाई, राजूलाबी न्हाई. मेस का सोडली म्हणून इचारलं तर म्हटलं पाठ धरली.

मी गप बसणार न्हाई. पौडच्या कोर्टात एक वकीलबाई हाय, गरिबाला फुकट सल्ला देते. तिच्याकडं जाऊन आले. ती म्हणाली, ज्याला हा रोग होऊन बरा झाला त्याला कामावरनं काढता येत न्हाई, दिव्यांगांच्या कायद्यात तसं हाय, पुण्यात आयुक्तांकडं तक्रार करायची. म्हणाली, तारीख, जागा, कोण काय बोललं, सगळं जसंच्या तसं लिहा. तर लिहिते. चुकलं तर सांग, तू तितंच होतीस.

२५ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा. मनीषशेठची मेस. मी परातीत ज्वारीचं पीठ मळत होते, तू कांदा चिरत होतीस. रात्रपाळीची पोरं नाष्ट्याला बसली होती. शेठ आला आन् परातीपासनं चार हात लांब उभा राहिला. म्हणाला, "साळूबाई, पिठातनं हात काढ. उद्यापासनं येऊ नको." मी म्हटलं, "का?" तर सगळ्यांसमोर म्हणाला, "महारोग्याच्या हातची भाकरी माझ्या मेसमधे कोण खाईल?" आन् परातीसकट पीठ उकिरड्यावर टाकायला लावलं. नवी परात.

अकरा वर्सं बीबी. जाळात हात घालून भाकरी उलटायचे तर हीच पोरं म्हणायची, मावशी जादू दाखव.

आता आतली गोष्ट. हे फुटलं कसं? त्या आधी चार दिवस आशाताई आली होती, गौतमी. सरकारी तपासणी, कुणाला चट्टा हाय का, कातडी बधिर हाय का. तू गमतीनं म्हणालीस, साळूआक्काला बघा, तिला चटकाच लागत न्हाई. ते सोड, तुझं तोंडच तसलं. पण त्यावर गौतमीनं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं, पेनाचं टोक बोटाला लावलं आन् म्हणाली, मावशी, खरं सांगा. मी सांगितलं. पंधराव्या वर्सी झाला होता, दोन वर्सं गोळ्या खाल्ल्या, कातडी काळी पडली, बरी झाले, बोटं तेवढी मेली. ती म्हणाली, मग काय न्हाई, बरा झालेला कुणाला लागत न्हाई, मी लिहीतबी न्हाई.

लिहिलं न्हाई, सांगितलं. जगात हे दोघींनाच ठाऊक होतं, तुला आन् तिला. माझा नवरा मेला तरी त्याला ठाऊक न्हवतं, त्याला वाटायचं गिरणीच्या पट्ट्यात बोटं गेली. तू सांगणार न्हाईस. मग कोण उरलं? तिचं नाव मी तक्रारीत घालणार हाय. आशाचं काम गेलं पाहिजे तिचं.

तू साक्ष द्यायची. शेठ काय बोलला ते तू ऐकलंस. बाकीच्या बायका त्याच्या खोल्यांत भाड्यानं राहतात, त्या बोलणार न्हाईत. तू बोल.

साळू

---

पौड,
१८ डिसेंबर २०२४

साळूआक्का,

तुला बीबीजानचा सलाम. पत्र मिळालं. राग मानू नको, इथं हीनाच्या घरात रेंज येत नाही, म्हणून फोन लागत नाही.

हीनाचे दिवस भरत आलेत. पाय सुजलेत, रात्रंदिवस तिच्याजवळ बसावं लागतं. जावई इस्माईल सकाळी हिंजवडीला कामाला जातो तो सातला परत येतो. मी नसले तर तिला पाणी द्यायला कुणी नाही.

तू लिहिलंस ते सगळं तसंच झालं, आक्का. शब्द तेच. पण साक्ष म्हणजे पुण्याला जायचं, साहेबांपुढं उभं राहायचं. आणि शहनवाज शेठचाच टेम्पो चालवतो हे तू विसरलीस काय? आई साहेबापुढं उभी राहिली आणि लेकाच्या हातातली किल्ली गेली तर मी त्याला काय तोंड दाखवू?

आणि आक्का, तक्रार केलीस म्हणजे ते नाव कागदावर येणार. राजूच्या बायकोला कळणार. तू तीस वर्सं जे झाकलंस ते तूच उघडायला निघालीस. मनीषशेठशिवाय मेस नाही काय? हिंजवडीत गल्लोगल्ली मेस आहेत. पाठ बरी झाली म्हण आणि दुसरीकडं जा.

गौतमीचं नाव घालू नको. तिला लहान लेकरं आहेत. तिनंच सांगितलं असं कशावरून?

तुझी,
बीबीजान

---

जांबे,
२ जानेवारी २०२५

बीबी,

हीनाला सातवा लागलाय हे मला तुझ्याच तोंडानं दिवाळीत कळलं होतं. माझा हिशेब कच्चा न्हाई. दीड महिना आधीच कुणाचे दिवस भरतात? आन् रेंज न्हाई म्हणतेस तर इस्माईलनं शनवारी राजूला त्याच घरातनं फोन केलता. पण तुला भ्या वाटलं आसंल शहनवाजसाठी, ते मला कळतं. भ्या वाटतं म्हण की सरळ. रेंजला कशाला मधे घालतेस?

दुसरीकडं जा म्हणतेस. गेले होते. दोन ठिकाणी. एका ठिकाणी बाई म्हणाली, तुमीच का त्या मनीषशेठच्या? दुसऱ्या ठिकाणची नुसती बोटांकडं बघत बसली. जांब्यात मला आता नाव न्हाई, बोटंच हायेत.

मग सरकारी दवाखान्यात गेले, वकीलबाईनं सांगितलं म्हणून. बरी झाल्याचं जुनं कार्ड मी लग्नाआधी चुलीत घातलेलं. सासरी सापडलं तर, म्हणून. तर डॉक्टरनं पुन्हा सगळं तपासलं, रांगेत उभं करून, मोठ्यानं नाव घेऊन. कागद दिला. वकीलबाईनं वाचून दाखवला: रोग नाही, जुन्या खुणा आहेत, कोणालाही संसर्ग नाही. तीनदा वाचायला लावला. मग इचारलं, हे भिंतीला लावलं तर चालंल का? हसली.

पण बीबी, कागद घरी आणला त्या दिसापासनं एक झालंय. तुलाच सांगते.

दुपारी दोनच्या सुमाराला खोल्या रिकाम्या असतात. सगळे कामावर. सून नातवाला घेऊन बालवाडीत कामाला. मी एकटी. आन् पत्र्यावर टकटक होतं. पाखरू न्हाई, मांजर न्हाई, बघितलं बाहेर जाऊन. ताटावर चमचा वाजवल्यावाणी. तीनदा, मग थांबतं.

आयची सवय होती ती. तुला कधी सांगितलं न्हाई. आयला हाच रोग होता. तवा गोळ्या आमच्या गावात पोचल्या न्हवत्या. बांधाच्या पल्याड एक खोपट घालून दिलं आन् तितं ठेवली. नऊ वर्सांची होते मी, भात घेऊन मीच जायचे. दगडावर ठेवायचं आन् लांब उभं राहायचं. ती जेवली की ताटावर चमच्यानं तीनदा वाजवायची. म्हंजे जेवले, जा आता. एकदा मी जवळ जायला लागले तर धोंडा उचलला तिनं. मारला न्हाई, दाखवला.

मेली तवा कुणी हात लावला न्हाई. खोपटासकट पेटवून दिली. मी मामाकडं होते तवा.

आता ती पत्र्यावर वाजवते. काय म्हणते कळत न्हाई. जेवले म्हणते का जा म्हणते.

काल गौतमी रस्त्यात भेटली. नमस्कार करायला हात वर केला तिनं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "ए बाई, तुझी पगारी जीभ आवर, कुणाचं पोट मारून तुला काय मिळालं?" म्हणाली, "मावशी, माझ्या लेकरांची शपथ, मी नाही." लेकरांची शपथ घेते बघ, किती सोपं. बाया जमल्या. आता कुणी तिला दारात उभं करत न्हाई, म्हणतात आमचं काय काय सांगत आसंल बाहेर. बरं झालं.

तक्रार लिहून होत आली. तू साक्षीला येणार का न्हाई, सरळ लिही.

साळू

---

पौड,
२१ जानेवारी २०२५

आक्का,

हीनाला मुलगा झाला. नाव अजून ठेवलं नाही. दोघं बरी आहेत.

तुझ्या आईचं वाचलं. नातू मांडीवर आहे आणि मी त्याला थोपटते, थोपटता थोपटता माझाच हात तीनदा पडतो आणि थांबतो. हीना म्हणते अम्मी, काय झालं? मी म्हणते काही नाही.

आक्का, तुझ्या पाया पडते, गौतमीला सोड. तिच्या आळीतली एक बाई मला इथं बाजारात भेटली. सांगत होती की गौतमी लसीकरणाला गेली तर बायकांनी पोरं आत ओढून घेतली. तिनं घरोघर जायचं बंद केलंय. तिचं पोट त्या घरोघर जाण्यावर आहे. तुझ्यावर अन्याय झाला म्हणतेस, तीच तू दुसरीवर तसाच अन्याय करू नको.

मला साक्षीचं अजून उत्तर देता येत नाही. थोडे दिवस दे.

बीबीजान

---

जांबे,
३ फेब्रुवारी २०२५

बीबी,

नातवाला माझा आशीर्वाद. आता ऐक.

सोमवारी, १० तारखेला, वकीलबाई तक्रार पुण्याला देणार. त्यात गौतमीचं नाव हाय. वकीलबाई म्हणाली, पुरावा काय? मी म्हटलं, पुरावा हाच की दुसरं कुणाला ठाऊक न्हवतं. ती म्हणाली, तुमच्या मैत्रिणीला ठाऊक होतं. मी म्हटलं, बाई, तिचं नाव घेऊ नका, आमी अकरा वर्सं एका ताटात जेवलोय.

तू गौतमीसाठी इतकी का तळमळतेस? तुझी कोण लागते ती? दोन पत्रांत माझ्यासाठी जेवढं लिहिलं न्हाईस तेवढं तिच्यासाठी लिहिलंस.

टकटक आता सकाळीबी होते.

साळू

---

पौड,
६ फेब्रुवारी २०२५

आक्का,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. इस्माईलच्या हाती देते, तो उद्या तुझ्या खोलीवर देऊन जाईल. सोमवारच्या आत तुला मिळालं पाहिजे.

गौतमीनं सांगितलं नाही. मी सांगितलं.

ती येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनं मला गोदामात बोलावलं. तांदळाच्या पोत्यांजवळ उभा होता. म्हणाला, "आशाबाईनं साळूबाईला टाकीमागं का नेलं?" मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, "तपासणी कसली होती मला ठाऊक आहे. तुम्ही दोघी एका ताटात जेवता. दोघींपैकी कुणाला तरी आहे. सांग, नाहीतर दोघीही उद्यापासून येऊ नका, आणि शहनवाजलाही घेऊन जा."

मी म्हटलं, "मला न्हाई, तिला."

एवढंच. तीन शब्द. मग मी पुढं बोलले, शेठ ती बरी झाली, कधीच बरी झाली, तिनं गोळ्या खाल्ल्या. पण तो तोपर्यंत बाहेर पडला होता. मी पोत्यांना सांगत होते.

सोमवारी तो आला तेव्हा मी कांदा चिरत होते हे तू पत्रात लिहिलंस. आक्का, मला माहीत होतं तो येणार. सकाळपासून माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू तोंड धुऊन, पिशवी उचलून आपणहून निघाली असतीस, मान ताठ ठेवून. मी तुला पीठ मळू दिलं.

दुसरं एक आहे, तेही लिहिते, नाहीतर ते राहील. ही भीती त्या दिवशी आली नाही. ती आधीपासून होती. तू मला सांगितलंस त्याला सात वर्सं झाली. त्या दिवसापासून मी घरी गेले की दारात आधी हात धुवायचे, राखेनं घासून. शहनवाज तेव्हा शाळेत होता, त्याला जवळ घ्यायच्या आधी. ताटात तुझ्यासोबत जेवायचे आणि घरी येऊन चूळ भरायचे. रोज. डॉक्टर काय म्हणतात ते मला तेव्हाही माहीत होतं. शाळेतसुद्धा शिकवलं होतं. माहीत असून हात धुवायचे.

म्हणून मी पौडला आले. हीनाचं निमित्त होतं. तुझ्या फोनचा आवाज येतो आणि मला वाटतं आता तू म्हणशील, बीबी, तूच ना? तू म्हणत नाहीस. माझ्यावर शंकाच घेत नाहीस. ते जास्त वाईट आहे.

गौतमीचं नाव काढ. माझं घाल.

बीबीजान

---

जांबे,
२८ मार्च २०२५

बीबीजान,

पन्नास दिस झाले. इस्माईलच्या हातनं पत्र घेतलं तवा तो चहाला थांबला होता. वाचता वाचता चहा उतू गेला. त्याला म्हटलं, जा बाबा, उशीर होईल तुला.

मी लिहिणार न्हवते. सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. पयल्यांदा नुसत्या शिव्या होत्या. त्या तुला पाठवल्या असत्या तर बरं झालं असतं, पण मला पुन्हा मागं घ्याव्या लागल्या असत्या, आन् ते मला जमत न्हाई.

शेठचं मला काय वाटलं न्हाई. तो परका. पण हात धुवायचीस ते तू लिहायला नको होतंस. ते सोडून सगळं लिहिलं असतंस तर चाललं असतं. आता मी मागच्या सात वर्सांचं सगळं बघते. तू निघताना नळावर जायचीस न्हवं? मला वाटायचं कांद्याचा वास जावा म्हणून.

गौतमीकडं गेले. तिचं दार लावलेलं. आतनं म्हणाली, कोण? मी म्हटलं, साळू. उघडंना. मग मी दारातनंच मोठ्यानं म्हटलं, सगळ्या आळीला ऐकू जावं म्हणून, "गौतमी, तू न्हाई. माझी चूक झाली. ज्यांनी माझं ऐकून हिला दारात उभं केलं न्हाई त्यांनीबी ऐका." तवा उघडलं. बसायला दिलं, चहा दिला. मी निघाले तवा म्हणाली, "मावशी, तुम्ही ओरडून बोललात तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता ओरडलात तर कुणी ऐकणार नाही. असंच असतं." आन् खरं हाय ते. अजून दोन घरं तिला आत घेत न्हाईत.

तक्रारीतनं तिचं नाव काढलं. तुझं घातलं न्हाई. वकीलबाईला सांगितलं, ते मी बघते.

आता एक लिहिते. तू सगळं लिहिलंस म्हणून. मी मामाकडं न्हवते. ते खोटं.

त्या दिवशी मी भात दगडावर ठेवला. उभी राहिले. ताट वाजलं न्हाई. हाक मारली, आय गं. मग कण्हल्यासारखं आलं आतनं. ती मला बोलवत होती, पयल्यांदा बोलवत होती, "साळे, पाणी." पाणी दगडापाशीच होतं. दहा पावलं. मला धोंडा आठवला न्हाई बीबी, धोंड्याचं नाव पुढं करू नये मी. मला भ्या वाटलं. मी पळाले. घरी चुलती म्हणाली, जेवली का? मी म्हटलं, जेवली, ताट वाजवलं. दुसऱ्या दिवशीबी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कावळे जमले तवा सगळ्यांना कळलं.

म्हणून तुला शिव्या पाठवता आल्या न्हाईत. माफ केलं असं समजू नको. ते येगळं.

तारीख पडलीय १९ मे, पुण्यात. मला तुझं रडणं नको, दुवा नको. तू येऊन साहेबापुढं सांग: मनीषशेठनं गोदामात काय धमकी दिली, तू काय म्हणालीस, सोमवारी तो काय बोलला. तुझे तीन शब्दबी सांग. तेवढंच पाहिजे.

साळू

---

पौड,
२४ एप्रिल २०२५

आक्का,

शहनवाजला सांगितलं. तो दोन दिवस टेम्पोतच झोपला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अम्मी, माझी किल्ली गेली तर मी बघेन. पण तू तिथं जाऊन माझं नाव पुढं करू नको. तू घाबरलीस ती माझ्यासाठी असं सांगू नको." मला ते लागलं. मी तेच सांगणार होते.

१९ मेला येते. एकटी येते, पौडहून सकाळची एसटी.

तुझ्या आईचं वाचलं.

बीबीजान

---

पौड,
५ जून २०२५

आक्का,

त्या दिवशी तू पायऱ्या उतरून गेलीस, मागं बघितलं नाहीस. मी हाकही मारली नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते तू ऐकलंस, त्यानंतर हाक मारायला तोंड नव्हतं.

शहनवाजची किल्ली त्याच संध्याकाळी गेली. तो आता भरे गावातल्या एका कारखान्याची गाडी चालवतो. बरा आहे.

निकाल लागला असं इस्माईल सांगत होता. काय लागला ते तुझ्याकडूनच ऐकायचं आहे. पण मी येत नाही. तुला मी असं घाबरत घाबरत भेटावं हे मला नको आहे. भीती गेली की येईन. अल्ला करो, लवकर जाऊ दे.

बीबीजान

---

जांबे,
३० जून २०२५

बीबी,

निकाल मी सांगते.

तू साक्ष देऊन गेलीस त्यावर साहेबांनी पुढची तारीख दिली न्हाई. कागद टपालानं आला. सून घरी होती, तिनंच फोडला आन् मोठ्यानं वाचला. कुष्ठरोगमुक्त हा शब्द तिनं अडखळत वाचला, मग थांबली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचला. म्हंजे घरात असं कळलं. दोन दिस तिनं नातवाला माझ्याकडं दिला न्हाई. राजू मान खाली घालून जेवायचा. तिसऱ्या दिवशी तिनंच पोरगं आणून माझ्या मांडीवर टाकलं, म्हणाली, "आत्या, धरा जरा, कुकर लावायचाय." पोरगं टाकलं आन् तितंच उभी राहिली. कुकर लावायला गेली न्हाई लगेच. बघत होती. मग गेली.

कागदात लिहिलंय, साळूबाईला पंधरा दिवसांत त्याच कामावर घ्यायचं, आन् मेसमधे सगळ्यांना दिसंल असं लिहून लावायचं की असला भेदभाव करणार न्हाई. शेठ साहेबापुढं म्हणाला, घेतो, पण भाजी निवडायला बसवतो. साहेब म्हणाले, त्या काय करत होत्या? भाकरी? मग भाकरीच. साक्ष झाल्यावर तुला बाहेर बसवलं, तवा ते आत झालं.

आता तुझ्या साक्षीचं. तुला वाटतं मी रागानं उतरून गेले. तू तुझ्या बाजूनं बघितलंस, मी माझ्या बाजूनं सांगते.

तू सगळं सरळ सांगितलंस. गोदाम, धमकी, तीन शब्द. शहनवाजचं नाव घेतलं न्हाईस. मग शेठचा वकील उठला. गोड बोलतोय मेला. म्हणाला, "बीबीजानबाई, तुम्ही अकरा वर्षं यांच्यासोबत एका ताटात जेवलात. डॉक्टरचा दाखलाही वाचलात. मग आता तरी भीती वाटत नाही ना?" त्याला वाटलं तू न्हाई म्हणशील आन् तो तुला खोटं पाडंल. तू म्हणालीस, "वाटते." तो म्हणाला, "आजसुद्धा?" तू म्हणालीस, "आजसुद्धा. हितं यायला निघताना पण हात धुतले." तो साहेबाकडं वळला, हसला, म्हणाला, "बघा, यांची जिवलग मैत्रीणसुद्धा, मग मेसमधे जेवणाऱ्या पोरांना दोष कसा द्यायचा?"

मी पाठीमागच्या बाकावर होते. मला वाटलं जमीन फाटली तर बरं.

तवा तू बोललीस. मी पाठ केलंय, वकीलबाईकडनं लिहून घेतलंय. "साहेब, दाखल्यात लिहिलंय रोग न्हाई. मग भीती माझी हाय, रोग तिचा न्हाई. माझ्या भीतीपायी तिचं काम का जावं? मला भीती वाटते तर मी काम सोडावं. शेठला वाटते तर शेठनं मेस सोडावी."

साहेबांनी मान वर केली. ते त्यांनी निकालात घातलंय, तुझं नाव घालून.

मी उतरून गेले ते रागानं न्हाई. तू "वाटते" म्हणालीस आन् ते खरं होतं. साऱ्या जन्मात मला एवढं खरं कुणी बोललं न्हवतं. सहन होईना म्हणून गेले.

गेल्या सोमवारपासनं मी मेसवर जाते. कुणी भाकरी खाल्ली, कुणी चपाती मागितली. मी मोजलं न्हाई. काहीजण मेस सोडून गेले, शेठ ते मला रोज ऐकवतो, मी पीठ मळते. टकटक बंद झाली न्हाई. पण आता मी मोठ्यानं म्हणते, आय, आले गं. त्यानं ती थांबते असं न्हाई. पण मी म्हणते.

तू लिहितेस भीती गेली की येईन. ती जाईल असं मला वाटत न्हाई बीबी. माझी चाळीस वर्सांत गेली न्हाई. ती जायची वाट बघत बसलीस तर आपण दोघी अशाच मरू, तू पौडात आन् मी जांब्यात.

ती घेऊनच ये. हात धुवायचे असले तर धू, मी नळ दाखवते. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते.

साळू